जखमेचा फोटो

माझ्या पोटावर वीतभर लांबीचा एक व्रण आहे. ऑपरेशनचा व्रण सरळ रेघेसारखा असतो, माझा मधेच एका जागी खचला आहे. आंघोळ करताना बोट तिथं जातंच. तिथं बोट गेलं की मला पुसेगावच्या गयाबाई आठवतात. आजारपण माझं, पण त्याची गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते, म्हणून त्यांना सोडून लिहिता येत नाही.

मी नर्स आहे. हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालेल्या बायकांच्या वॉर्डात सतरा वर्षं काम करते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. माझ्यासारख्या सिस्टरांसाठी हे लिहिते आहे. पेशंटांनी वाचलं तरी हरकत नाही, फक्त घाबरू नका. आणि सिस्टरांनो, तुम्ही मात्र थोडं घाबरा.

फोटोची पद्धत

आमचे सर्जन नांदेडला राहतात. आठवड्यातून दोन दिवस येतात, ऑपरेशनं करतात आणि संध्याकाळी निघतात. बाकीचे पाच दिवस पेशंट आमच्या हवाली. सरांनी सांगून ठेवलेलं, रोज ड्रेसिंग उघडलं की जखमेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या फोटोंमुळं किती बायांचं दुखणं वेळेत कळलं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सकाळी नऊला मी ट्रॉली घेऊन निघायची. हात धुवायची. हात धुवायचे सहा टप्पे आमच्या बेसिनवर लिहून लावलेत, ते माझ्याच अक्षरात आहेत. मग ग्लोव्ह घालायचे, पट्टी काढायची, जखम पुसायची, त्याच हातानं ॲप्रनच्या खिशातून फोन काढायचा, जवळ नेऊन फोटो काढायचा, फोन परत खिशात. मग कोरडा गॉज, वर नवी पट्टी. पुढच्या खाटेला नवे ग्लोव्ह. फोन मात्र तोच.

आमच्या घरात सोवळं-ओवळं कधी कुणी पाळलं नाही. आम्ही बाबासाहेबांना मानणारी माणसं. पण ग्लोव्हचं सोवळं मी पाळत होते, आणि खिशातला फोन त्या सोवळ्यात कसा काय बसत होता हा प्रश्न मला सतरा वर्षांत पडला नाही. खरं तर फोटोची पद्धत गेल्या सहा-सात वर्षांतली, पण सांगायचा मुद्दा तुम्हाला कळला असेल.

फोन नवा होता. माझ्या मुलीनं, प्राजूनं, पसंत केलेला. कॅमेरा चांगला म्हणून घेतलेला आणि वर रेक्झिनचं मरून कव्हर, पुस्तकासारखं उघडायचं. सर लिहायचे, "सिस्टर, तुमचे फोटो एकदम क्लिअर." मला त्याचा गर्व होता. तो फोन ऑटोत, बाजारात, स्वयंपाकघरात, आणि लाज सोडून सांगते, संडासातही माझ्याबरोबर असायचा. हात मी दिवसातून पन्नास वेळा धुवायची. ते कव्हर घेतल्या दिवसापासून एकदाही पुसलं नव्हतं.

अंगाऱ्याची पुडी

वर्षा म्हणून पुसेगावची एक पोरगी बाळंतपणाला आली. पहिलंच. सिझर करावं लागलं, मुलगा झाला. तिची सासू गयाबाई तिच्याजवळ राहायच्या. बारीक अंगाच्या, डोक्यावरचा पदर कधी खाली न पडलेल्या. सुनेला भाकर कुस्करून भरवायच्या आणि सगळ्या वॉर्डाला नातू दाखवत फिरायच्या. "बघा न बाई, नाक कोणावर गेलं?" असं मलाही दोनदा विचारून झालं होतं.

पाचव्या दिवशी वर्षाची जखम लाल दिसली. सहाव्या दिवशी पट्टी काढली तर पू. माझं डोकंच फिरलं. सतरा वर्षांत माझ्या हातची जखम अशी क्वचित बिघडली होती. कुठं काय चुकलं हे बघायला मी तिची उशी उचलली, तर खाली कागदाची पुडी.

"हे काय?"

"औंढ्याचा अंगारा हाय, सिस्टर. नागनाथाचा," गयाबाई म्हणाल्या.

"जखमेला लावला?"

"न्हाई माय. कपाळाला लावला निस्ता. जखमेला काहून लावू?"

"खोटं बोलू नका. पट्टी ढिली कशी झाली मग? कोणी उघडली?"

"तिनं कूस बदलली तवा सुटली आसंल. म्या हात न्हाई लावला."

मला पटलं नाही. पटवून घ्यायचंच नव्हतं. पुडी सापडली म्हणजे झालंच. मी आवाज चढवला. सगळा वॉर्ड ऐकत होता, दारात वर्षाचा नवरा संतोष डबा घेऊन उभा होता. मी गयाबाईंना बेसिनपाशी नेलं आणि भिंतीवरचा कागद दाखवून ओरडत ओरडत हात धुवायला शिकवले. तळवे, मागची बाजू, बोटांच्या मधे, अंगठे, नखं, मनगट. त्या गुमान करत होत्या. मग मी संतोषकडं वळून म्हणाले, "यांना लेकराला हात लावू देऊ नका. सुनेचं झालं तसं लेकराचंही वाटोळं करतील."

गयाबाईंनी स्वतःचे हात आधी उलटे, मग सुलटे करून पाहिले. पाणी गळत होतं. मग त्या बाहेर जाऊन बाकड्यावर बसल्या.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. मी त्या पुडीचा फोटो काढला आणि आमच्या सिस्टरांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे बघा यांचे उपाय." हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. घरी जाऊनही मी तो किस्सा रंगवून सांगितला, प्राजू आणि तिचे पप्पा हसले.

वर्षाचे टाके उघडावे लागले. पुवाचा नमुना नांदेडला तपासायला गेला. पोरगी एकोणीस दिवस आमच्याकडं होती. लेकरू तिच्या आईनं सांभाळलं. गयाबाई रोज यायच्या, पण बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायच्या. मी येता-जाता बघायची आणि मनात म्हणायची, बसा, अशीच अद्दल घडायला पाहिजे.

माझी पाळी

मला दोन वर्षांपासून त्रास होता. अंगावरून फार जायचं, गर्भपिशवीला गाठी होत्या. इतरांना "अंगावर काढू नका" म्हणून दटावणारी मी, स्वतःचं अंगावरच काढत राहिले. शेवटी एका दिवशी ड्युटीवरच चक्कर येऊन ट्रॉलीला धडकले, तेव्हा सर म्हणाले, आता बास. वर्षा घरी जाऊन आठवडा झाला असेल. माझं पिशवीचं ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं.

माझ्या ड्रेसिंगला मीरा होती. मीरा म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेली सिस्टर, पंचविशीची, कामाला वाघ. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या जखमेचा फोटो तिच्या फोनवरून पाठवला. सरांचं उत्तर आलं, "धूसर आहे. सिस्टरांच्या फोनवरून काढा."

मीरा माझ्याकडं बघून हसली. मी उशाखालून माझा फोन काढून तिच्या हातात दिला. वर म्हणालेसुद्धा, "जवळून घे गं, आणि टॉर्च लाव." पोट उघडं टाकून मी पडले होते आणि माझाच फोन माझ्या जखमेवर वाकला होता. मला चांगलं वाटत होतं. फोटो एकदम क्लिअर आला.

पाचव्या दिवशी अंगात कसकस. सहाव्या दिवशी ताप. सातव्या दिवशी सकाळी मला वास आला. तो वास मी ओळखते. मीरा पट्टी सोडायच्या आधीच मला कळलं होतं, आणि मी छताकडं बघत तिला म्हणाले, "मीरा, पू आहे बघ."

ती म्हणाली, "थांबा, बघू तरी द्या." मग बघितलं आणि सरळ सरांना फोन लावायला गेली.

खाटेवरून

सतरा वर्षं मी त्या वॉर्डात उभी होते. आडवं पडल्यावर तोच वॉर्ड वेगळा दिसतो. पंख्याच्या पात्यावरची धूळ दिसते. सिस्टरच्या चपलांचा आवाज आला की हात आपोआप चादर धरतो, कारण ती जखमेत गॉज भरायला येत असते. टाके उघडले की आतून बरं होऊ द्यावं लागतं. रोज आतला गॉज ओढून काढायचा, धुवायचं, नवा भरायचा. मी बायांना म्हणत आले, "थोडंसं दुखेल हं." ते थोडंसं नसतं. एवढं तरी आता मला माहीत आहे.

पडल्या पडल्या फोनचे आवाज ऐकू यायचे. कोणाचं भजन, कोणाचं गाणं, कोणाचं लहान मुलाचं हसणं. एकदा समोरच्या खाटेवर मीरा पट्टी करत होती आणि तिचा फोन वाजला. तिनं ग्लोव्हच्या हातानं खिशातून काढला, "गॅसवाला आला का? शेजारच्या काकूला चावी दे," म्हणाली, ठेवला आणि त्याच हातानं गॉज उचलला. मी हे हजार वेळा केलंय. त्या दिवशी मात्र तो गॉज जखमेवर बसेपर्यंत मी बघत राहिले.

भीतीचं काय सांगू. ताप उतरेना, तेव्हा सर फोनवर म्हणाले, दोन दिवस वाट बघू, नाही तर नांदेडला हलवू. हलवू म्हणजे काय ते मला माहीत. प्राजूची बारावी होती. मी मनातल्या मनात तिला पातळ भाजी कशी करायची ते सांगत पडून राहायची, मी नसले तर म्हणून. वेड्यासारखंच होतं ते, तिला माझ्यापेक्षा चांगली भाजी येते.

प्राजूचे पप्पा हळदीच्या बाजारात, मोंढ्यात, एका अडत दुकानावर कामाला आहेत. त्यांची नखं बारा महिने पिवळी. ते आले की मीरा त्यांना दारातच अडवायची, "भाऊजी, आधी हात धुवा." ते बिचारे धुऊन यायचे, नखं तशीच पिवळी. मीरा परत पाठवायची. तिसऱ्यांदा धुतल्यावर ते मला हात दाखवून म्हणाले, "आता चामडीच काढून ठिवू का?" किती दिवसांनी मी हसले, आणि हसताना जखम ताणली म्हणून रडले. मग त्यांनी माझे केस विंचरून वेणी घातली. आयुष्यात पहिल्यांदा. वेणी सुटून सुटून जात होती आणि ते परत परत घालत होते. एवढ्या दिवसांत तेवढा एक तास मला दुखत नव्हतं.

दोन कागद

निदानाचा दिवस म्हणून काही असेल तर तो हा. सर आले आणि खाटेजवळ स्टूल ओढून बसले. ते कधी बसत नाहीत. त्यांच्या हातात दोन कागद होते, एक माझ्या पुवाचा रिपोर्ट आणि एक वर्षाचा. दोन्हींत एकच जंतू, आणि तोही हट्टी. जी औषधं तिच्या जंतूला लागू पडत नव्हती, तीच माझ्या जंतूलाही पडत नव्हती.

"वॉर्डातलंच काहीतरी आहे, सिस्टर," सर म्हणाले. "सगळ्याचे नमुने घेऊ."

लॅबचा माणूस कापूस लावलेल्या काड्या घेऊन आला. ट्रॉली, नळ, गॉजचा डबा, मीराचे हात, सगळीकडं काडी फिरवली. जाता जाता माझ्या उशाशी बघून म्हणाला, "मॅडम, फोनचा घेऊ का?" मी हसून म्हणाले, "घ्या बाबा, त्याला तरी कशाला सोडता."

चार दिवसांनी उत्तर आलं. ट्रॉली ठीक, नळ ठीक, मीराचे हात ठीक. माझ्या फोनच्या कव्हरवर तोच जंतू.

सर म्हणाले, "कुणाचं कुणाला गेलं हे यावरून मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. वर्षाचा फोटो काढताना तिच्याकडून फोनला लागलं असंही असेल." आणि उठता उठता म्हणाले, "फोटो मीच मागत होतो, सिस्टर. हे तुमच्या एकट्यावर घेऊ नका."

सर मोठ्या मनाचे. पण वर्षाच्या आधीही त्या फोननं किती खाटा पालथ्या घातल्या होत्या हे मला माहीत होतं. वर्षाकडं जंतू कुठून गेला हे कागदावर नसलं तरी मला कळायचं ते कळलं. आणि निदान माझ्या पोटात तो कसा गेला, याबद्दल तर शंकाच नव्हती. फोन मी स्वतः उचलून दिला होता.

मीरा

घरी कुणाला मी हे सांगितलं नाही. लाज वाटत होती. प्राजूच्या पप्पांना एवढंच कळलं की जंतू वॉर्डातला आहे. त्यांनी आपला हिशेब लावला, ड्रेसिंग मीरा करते म्हणजे मीराचंच काम. एका दुपारी मी डोळे मिटून पडले होते, ते तिला दाराशी म्हणाले, "सिस्टर, आमच्या माणसाला तुमच्या हातानं तकलीफ झाली. जरा तरी ध्यान द्यायचं व्हतं."

मीरा म्हणाली, "भाऊजी, मी बराबर हात धुते."

मी जागी होते. मला एका वाक्यात तिला सोडवता आलं असतं. मी झोपेचं सोंग केलं. दोन दिवस केलं. मीरा येऊन काम करून जायची, पण एक अक्षर बोलायची नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्या पोरीला मी शिकवलं, आणि तिलाच मी बळी द्यायला निघाले होते. हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

तिसऱ्या दिवशी प्राजू डबा घेऊन आली. तिचे पप्पा तिला सांगत होते, "त्या सिस्टरला मम्मीला हात लावू देऊ नको. दुसरीला बलाव."

हात लावू देऊ नका. माझेच शब्द. मी अगदी तसंच म्हणाले होते, सगळ्या वॉर्डासमोर, एका आजीबद्दल.

मी डोळे उघडले. "मीराचं काही चुकलं नाही," म्हणाले. "माझ्या फोनमुळं झालंय. मीच दिला तिला." मग मीराला बोलावलं आणि सगळं सांगितलं, रिपोर्टसकट. मीरा माझ्या पायाशी बसून रडायला लागली. प्राजूचे पप्पा तिच्यापुढं हात जोडून उभे राहिले.

ती गेल्यावर ते खिडकीपाशी जाऊन थांबले. मग पाठमोरेच म्हणाले, "मग त्या पुसेगावच्या बाईचं काय?"

"कोणत्या?"

"ती न्हाई का, पुडीवाली. तू हसून हसून सांगून राहिली व्हतीस."

आमच्या घरात लहानपणापासून एकच शिकवण, ऐकलेलं खरं मानू नका, पारखून घ्या. बाबासाहेबांचं नाव घेणाऱ्या घरातली मी, आणि पुडी बघितल्याबरोबर निकाल देऊन मोकळी झाले. एका बाईनं सरळ सांगितलं होतं की कपाळाला लावला. ते पारखायचं मला सुचलंही नाही.

डबा

औषध बदललं, ताप उतरला, नांदेडला जायची वेळ आली नाही. सत्तावीस दिवसांनी मी घरी आले आणि पुढं दीड महिन्यानं कामावर. गेल्या गेल्या पहिलं काम केलं, घरातला पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा वॉर्डाच्या दारात नेऊन ठेवला. आत जाताना सगळ्यांचे फोन त्या डब्यात. फोटोसाठी वॉर्डाचा एक वेगळा फोन, त्याला कव्हर नाही, आणि फोटो काढणारी सिस्टर वेगळी, जखमेला हात लावणारी वेगळी. प्रत्येक खाटेनंतर तो फोन पुसायचा. घरून अर्जंट फोन आला तर? तर काउंटरवर येईल. आम्ही शिकलो तेव्हा कोणाच्या खिशात फोन नव्हता, तरी कोणाचा संसार बुडाला नाही.

सुरुवातीला सगळ्या कुरकुरल्या. "मॅडम आजारी पडल्यापासून लई कडक झाल्या," असं माझ्यामागं चालायचं. मी त्यांना व्रण दाखवायची. मग गप्प बसायच्या.

माझं मरून कव्हर मी जाळून टाकलं. त्यानं काय होतं म्हणा.

पुसेगावला मात्र मी गेले नाही. अजून गाडीवर बसवत नाही, प्राजूची परीक्षा आहे, ऊन फार आहे. रोज एक कारण. मग एक दिवस वर्षा स्वतःच तपासायला आली. जखम छान भरली होती, लेकरू तिच्या आईच्या कडेवर, गुटगुटीत. माझ्या हातात तिनं घरच्या शेंगांची पिशवी ठेवली. "सिस्टर, तुमच्यामुळं वाचले मी," म्हणाली.

"सासूबाई नाही आल्या?" मी विचारलं.

"आत्याबाई लेकराला हातच लावत न्हाईत न. ह्यांनी बी सक्त सांगितलं. तुमी म्हनला व्हता तसं आमी पाळून राहिलो, बराबर." ती मोठ्या विश्वासानं सांगत होती, सिस्टर शाबासकी देईल म्हणून. ती पायऱ्या उतरून गेली तरी मी शेंगांची पिशवी धरून उभी होते.

घरी येऊन मी प्राजूच्या पप्पांना म्हणाले, "रविवारी पुसेगावला न्या मला."

पुसेगाव

गाडी त्यांनी अगदी हळू चालवली. वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवत होते, अंगणात पाय ठेवल्यावर सगळं विसरले.

ओसरीवर झोळी बांधली होती. झोळीला लांब दोरी, आणि दोरीचं टोक पार अंगणाच्या दुसऱ्या कडेला बसलेल्या गयाबाईंच्या हातात. त्या तिथं बसून तूर निवडत होत्या आणि मधून मधून दोरी ओढत होत्या. झोळीपासून दहा हात लांब. मला बघून त्या गडबडीनं उठल्या, पदर सावरला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "सिस्टर, म्या न्हाई जात जवळ. विचारा संतोषला."

मी म्हणाले, "मावशी, संतोषला बोलवा. वर्षालाही. शेजारीपाजारी असतील तर त्यांनाही येऊ द्या." मी चारचौघांत बोलले होते, तर फेडायचंही चारचौघांतच.

संतोष गोठ्यातून आला. वर्षा दारात उभी राहिली. शेजारच्या दोन बाया कुडाशी आल्या. मी सांगितलं. फोन, फोटो, दोन कागद, माझं पोट, सगळं. अंगाऱ्याचा काही संबंध नव्हता हेही सांगितलं. "माझ्या फोनवर घाण होती. वर्षाचं दुखणं बहुतेक माझ्याच हातानं झालं. मावशीचा काही दोष नव्हता. मी न बघता बोलले. माझं चुकलं."

संतोष म्हणाला, "तवा तर छातीवर हात ठिवून बोलल्या व्हत्या तुमी. तपासलं व्हतं का तवा?"

"न्हाई."

"मग काहून बोलल्या?"

प्राजूचे पप्पा मागं उभे होते, ते मधे पडले नाहीत, आणि बरंच झालं. संतोषचा राग माझ्यावर होता, पण तो बघत होता जमिनीकडं. आईकडं त्याला बघवत नव्हतं. या पाच महिन्यांत घरात तो आईला काय काय बोलला असेल, ते त्याच्या मानेवरून कळत होतं.

गयाबाईंना अजून नीट समजलं नव्हतं. त्या माझ्याजवळ आल्या. "म्हंजी माझ्या हातानं न्हाई झालं?"

"न्हाई, मावशी."

"आता बराबर बघितलं न तुमी?"

"बघितलं. कागद आणलाय."

"कागद मला काय वाचता येतो," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनता न. मग झालं."

मी म्हणते म्हणून झालं. पाच महिन्यांपूर्वीही मी म्हणाले म्हणूनच झालं होतं. मला रडू आवरलं नाही. त्यांनी मात्र माझ्याकडं लक्ष दिलं नाही, त्या मोरीकडं गेल्या. तांब्यानं पाणी घेऊन साबण लावला. तळवे, मागची बाजू, बोटांच्या मधे, अंगठे, नखं, मनगट. एकही टप्पा चुकला नाही. हात पदराला न पुसता तसेच वर धरून त्या आल्या, कातडी भेगाळलेली होती, आणि माझ्यासमोर थांबल्या.

"सिस्टर, आता घेऊ का?"

"मला काय विचारता, मावशी. तुमचा नातू आहे."

त्यांनी झोळीतून लेकरू उचललं. ते रडायला लागलं. त्याला हा हात ओळखीचा नव्हता. पाच महिन्यांचं झालं तरी आजीचा हात त्याला माहीत नव्हता, आणि हे मी केलेलं होतं, याला कुठलं औषध नाही. गयाबाई त्याला घेऊन अंगणात इकडून तिकडं चालत राहिल्या, काहीबाही पुटपुटत. हळूहळू त्याचं रडणं कमी झालं. मग त्यानं त्यांच्या कानातली कुडी धरली आणि ओढून बघितली. वर्षानं डोळ्यांना पदर लावला.

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पुढं होऊन त्याच्या पावलाला हात लावायला गेले.

गयाबाई एक पाऊल मागं सरल्या. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "थांबा, सिस्टर. आधी हात धून या."

मी मोरीकडं गेले. तिथं साबणाची वडी होती, झिजून झिजून पानासारखी पातळ झालेली. मी तळव्यांपासून सुरुवात केली.